कोर्लई: बंदराच्या तोंडावरचा डोंगर

काशीद-मुरूडला जाणारे बहुतेक लोक कोर्लईचा किल्ला गाडीच्या खिडकीतूनच बघतात. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव मागे पडलं की उजवीकडे समुद्रात घुसलेली डोंगराची लांब सोंड दिसते. तिच्या माथ्यावर तटाची तुटकतुटक रेघ असते. गाडीतलं कुणीतरी "किल्ला, किल्ला!" करतं, कुणी फोन काढतं, तोवर वळण येतं आणि विषय काशीदच्या जेवणावर जातो.

आमच्या काकांना हे मान्य नव्हतं. काकांची सगळी नोकरी मुंबई बंदरात पाण्याची खोली आणि गाळ मोजण्यात गेली. कुठलाही किनारी किल्ला म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कुठे खोल आहे ते सांग, किल्ला कशासाठी बांधला ते मी सांगतो." तेव्हा कोर्लईला जायचं तर आधी चौल, मग रेवदंडा, मग खाडीच्या पाण्यातून आणि सगळ्यात शेवटी पायाने वर, असा क्रम त्यांनीच लावून दिला. बरोबर माझा भाचा ओंकार. त्याचं कॉलेज आणि झोप या दोन्ही गोष्टी शनिवारी बुडणार होत्या, त्यातली दुसरी त्याला जास्त लागली.

शुक्रवार

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो पकडली. मुंबईचं बंदर मागे टाकताना काका डेकवर उभे राहून ओंकारला लाल-हिरवे बोये दाखवत होते: कुठला खोल वाटेच्या कुठल्या कडेला असतो, नांगरलेली जहाजं कुठल्या बाजूला तोंड करून उभी आहेत आणि त्यावरून भरती की ओहोटी कसं कळतं. तासाभरात मांडवा आलं. तिथून अलिबाग, आणि अलिबाग स्टँडबाहेर मिनीडोर, म्हणजे इकडची तीनचाकी टमटम.

मिनीडोर म्हणजे रायगडचं खरं राष्ट्रीय वाहन. दत्तजयंती होऊन दोनच दिवस झाले होते, चौलची जत्रा भरात होती, त्यामुळे गाडी खच्चून भरल्यावरही ड्रायव्हरला "अजून एक बसतंय" असंच दिसत होतं. ती जागा शेवटी माझ्या गुडघ्यांवर निघाली. चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पाच दिवस पायथ्याशी पाळणे, मिठाईची दुकानं, भांडी, खेळणी, सगळा बाजार लागतो. आम्ही पायऱ्या चढून दर्शन घेतलं, खाली येऊन गरम जिलेबी खाल्ली आणि गर्दीतून सुटका करून घेतली. वरून नारळी-पोफळीच्या वाड्यांचा दाट हिरवा पट्टा आणि पलीकडे समुद्र दिसतो, तेवढ्यासाठीही चढावं.

त्या हिरव्या पट्ट्याखाली एक अख्खं शहर गेलंय, हे आज सांगूनही पटत नाही. चौल हे कोकणातलं फार जुनं बंदर. ग्रीक-रोमन लेखकांनी त्याची नोंद केली, अरबांना ते सैमूर म्हणून माहीत होतं, आणि अल-मसूदी 10व्या शतकात इथे येऊन गेला तेव्हा परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने पाहिली. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथे उतरला. गोरा माणूस बघायला लोक मागे लागत, असं त्याने लिहून ठेवलंय. बायका-पुरुष अंगावर फारच कमी कपडे घालतात याचं त्याला नवल वाटलं होतं. रशियातून आलेल्या माणसाला चौलच्या उकाड्यात दुसरं काय वाटणार! तो इथून पालीमार्गे जुन्नरला गेला आणि तिथल्या खानाने त्याचा तो घोडाच अडकवून ठेवला.

हा घोडा लक्षात ठेवायचा. दख्खनच्या सुलतानांचं सगळं लष्कर घोड्यांवर उभं, आणि चांगली जनावरं यायची अरबस्तान-इराणकडून, समुद्रातून. चौल म्हणजे आधी बहमनींचं आणि मग अहमदनगरच्या निजामशाहीचं समुद्राकडचं दार. त्या दारावर कोण बसतो, या एका प्रश्नावर पुढची अडीचशे वर्षं भांडण चाललं.

रामेश्वराच्या देवळात दुपारी कोणीच नव्हतं. समोर मोठी पुष्करिणी, कडेला दगडी पायऱ्या, पाण्यात देवळाचं कौलारू छप्पर. सभामंडपाच्या फरशीखाली पर्जन्यकुंड आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा ते उघडायची प्रथा होती. एरवी त्यावर फरशी बसवलेली. ओंकारने त्या फरशीवरून पाय उचलून घेतला. म्हणाला, "चुकून उघडलं तर?"

रेवदंड्यात शिरताना रस्ता जुन्या पोर्तुगीज कोटाच्या तटातूनच जातो. म्हणजे तुम्ही किल्ल्यात शिरलात हे तुम्हाला कळतच नाही. आत गाव, वाड्या, शाळा, बाजार, कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं बेथ एल सिनेगॉग, आणि मधूनच एखाद्या घराच्या परसात चर्चची भिंत उभी. निकितीनचं स्मारकही इथेच, एका शाळेच्या आवारात. पोर्तुगीजांना इथे वखारीची आणि मग 1521 मध्ये कोटाची परवानगी निजामशहानेच दिली. घोडे मिळत राहावेत हा त्यातला त्याचा हिशेब. भाडेकरू मालक कसा होतो, याचं हे ठळक उदाहरण आहे.

सातखणी मनोरा वाडीच्या आत आहे. फ्रान्सिस्कन मठाचा हा बुरूज, सात मजल्यांचा, पण वरचे मजले आता नाहीत. जे उरलंय तेही नारळाच्या झाडांपेक्षा उंच आहे. आत मान वर करून पाहिलं तर चौकोनी आकाश आणि भिंतीत तुळया बसवायच्या रिकाम्या खोबणी, एकावर एक. एका खोबणीत पोपटाची जोडी घर करून होती.

संध्याकाळी रेवदंड्याच्या वाळूत उभं राहून दक्षिणेला पाहिलं आणि काकांचं म्हणणं पहिल्यांदा पटलं. समोर कोर्लईचा डोंगर असा आडवा पडलेला, की कुंडलिका नदीच्या मुखातून आत येणाऱ्या गलबताला त्याच्या नाकाखालून जाण्यावाचून गत्यंतर नाही. रेवदंड्याचा कोट सपाट जागेवर. हा डोंगर त्याच्या डोक्यावर. "आता सांग," काका ओंकारला म्हणाले, "रेवदंड्यात तुझं घर आहे आणि समोरच्या डोंगरावर दुसऱ्याची तोफ चढली. तू काय करशील?" ओंकार म्हणाला, "घर विकेन."

रात्री ज्यांच्या वाडीत उतरलो होतो त्यांनी पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा शेंगा, पुन्हा पाला गच्च दाबून. मडकं तोंडावर उपडं ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाणी एक थेंब नाही. शिजलं की नाही ते मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून आवाजावरून ओळखतात. "शेंगा अजून भरल्या नाहीत, संक्रांतीला या," असं वाडीतल्या काकू सारखं म्हणत होत्या. आम्ही मात्र सालं चोखत बसलो होतो.

शनिवार

उधाणाचे दिवस, त्यामुळे सकाळी सातच्या सुमाराला पुरी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. काकांनी हीच वेळ मुद्दाम साधली होती, कारण पाणी उतरल्याशिवाय बंदराचा तळ कळत नाही. बंदरावरच्या एका नाखवाशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवलं होतं. त्याने आम्हाला बघून विचारलं, "कुठशी आलाव? मुंबईशी? नि ह्ये बघायला?" त्याच्या चेहऱ्यावर सौजन्य होतं, विश्वास नव्हता. होडीपर्यंत गुडघाभर चिखल तुडवत जावं लागलं. ओंकारची एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली ती परत दिली नाही.

खाडीच्या मध्यावर आलो आणि दृश्यच पालटलं. मुखाशी वाळूचे पट्टे उघडे पडले होते, त्यांवर कुरवांचे थवे. जायला वाट उरली होती ती अरुंद, आणि नाखवा ती डोळे झाकून ओळखत होता: अमुक माड आणि तमुक बुरूज एका रेषेत आले की वळायचं. काकांनी त्याला खोली विचारली. त्याने हात वर करून वाव सांगितले (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं अंतर). मग दोघांची जी जुंपली ती पंधरा मिनिटं. गाळ किती वाढला, पूर्वी केवढं गलबत आत यायचं, पावसाळ्यानंतर पट्टा कुठे सरकतो. आम्ही दोघं त्यांच्यासाठी सामान झालो होतो.

मुखाच्या बाहेरच्या बाजूला डोल जाळ्यांचे खांब पाण्यातून डोकं काढून उभे होते. हे खांब समुद्राच्या तळात ठोकतात, त्यांना जाळ्याचं तोंड बांधतात, आणि ओढीचं पाणी मासळी आपसूक आत आणून टाकतं. बोंबील, जवळा, करंदी यातच येते. मासेमारीची ही रीत इथे फार जुनी आहे, इतकी की एका मोठ्या लढाईचा निकाल अशाच खांबांनी लावला.

मार्च 1508. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो आपली जहाजं घेऊन याच खाडीत नांगरला होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली अचानक मुखाशी आलं. पाठोपाठ दीवचा मलिक अयाझ आपल्या गलबतांसह येऊन मिळाला. लोरेन्सोने बाहेर निसटायचा प्रयत्न केला. त्याच्या जहाजाला भोक पडून पाणी शिरत होतं, ओढीबरोबर ते वाहवत गेलं आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या खांबांत अडकलं. बाकीची निसटली, हे राहिलं. लोरेन्सोच्या पायावर तोफेचा गोळा बसला, तरी तो डोलकाठीच्या बुडाशी बसून हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने तो गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला आणि पश्चिम समुद्रावर पोर्तुगीजांचा जम बसला तो तिथून.

ही गोष्ट मी आधी वाचली होती. पण पुस्तकात "खांबांत अडकलं" हे एक वाक्य असतं. होडी त्या खांबांच्या इतकी जवळून गेली की कालवं चिकटलेला, हिरवा-काळा पडलेला लाकडाचा सोट हाताला लागला, आणि आमची छोटी होडीसुद्धा ओढीने त्याच्याकडे खेचली जात होती. नाखवाने इंजिनाला जोर दिला, तोंडाने एक शिवी दिली, आणि आम्ही बाजूला झालो. त्यावेळी इंजिन नव्हतं.

परत येऊन नाश्ता केला, ओंकारला बाजारातून चप्पल घेतली, आणि पूल ओलांडून कोर्लई गाठलं. गावातल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही हाताला सुकी मासळी. वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवायच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले. कोळीवाडा संपला की डोंगराच्या पश्चिम कुशीतून समुद्रालगत रस्ता दीपगृहापर्यंत जातो. डाव्या हाताला उघडा अरबी समुद्र, उजव्या हाताला डोंगराची चढण. दीपगृह बघू देतात. वर जाऊन यावं, पण किल्ल्याच्या आधी नको, नाहीतर पाय बोलतात. त्याच्या मागूनच गडाच्या पायऱ्या सुरू होतात. चढ थोडा पण खडा. काका दर वळणावर थांबून "दृश्य बघतोय" म्हणत होते, आम्हीही तेच म्हणत होतो.

दरवाज्यातून आत गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती किल्ल्याची अरुंदी. गॅझेटियरमध्ये लांबी सुमारे 2800 फूट आणि सरासरी रुंदी 90 फुटांच्या आत दिली आहे. म्हणजे डोंगराच्या कण्यावर ओढलेली लांबट पट्टीच. एका तटावरून दगड मारला तर दुसऱ्या तटापलीकडे जाईल. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधून आपण चाललोय.

या पट्टीला आडव्या भिंती घालून तिचे कप्पे केलेत. प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र दरवाजा. एकूण दरवाजे 11, त्यांतले 4 बाहेरचे आणि 7 आतले. आतले दरवाजे बाहेरच्यांपेक्षा जास्त का, हे कळायला उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत एकदा चालून बघावं लागतं. शत्रू एका टोकाने चढला तर तो एका कप्प्यात आला, किल्ल्यात नाही आला. पुढचं दार लावून घ्यायचं आणि वरच्या भिंतीवरून त्याला टिपायचं. आगगाडीच्या डब्यांसारखी ही रचना आहे, मधलं दार बंद केलं की प्रत्येक डबा वेगळा. आपल्या सह्याद्रीतल्या गडांना कडा राखतो. इथे कडा नाही, डोंगर बेताचा, म्हणून माणसाने दारं वाढवली. मला कोर्लईत सगळ्यात जास्त आवडलं ते हे, कारण यात गरजेशिवाय एक दगड नाही.

बांधकामाची सुरुवात मात्र पोर्तुगीजांची नाही. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला होता. तेव्हाच आदिलशहा गोव्याला भिडला होता. दोन्ही वेढे फसले. मग दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने वेगळी युक्ती काढली. 1592 च्या आसपास त्याने समोरच्या डोंगरावर किल्ला उभारला आणि तोफा चढवल्या. आता रेवदंड्याचा कोट आणि आत येणारं प्रत्येक जहाज त्याच्या माऱ्यात. पोर्तुगीजांना झोप लागणं शक्य नव्हतं. वसईकडून कुमक मागवून सप्टेंबर 1594 मध्ये त्यांनी हल्ला केला आणि डोंगर घेतला. निजामशहाच्या दरवाज्यावर पितळी सिंह आणि गरुड होते आणि "लढल्यावाचून मला ओलांडू नये" अशा अर्थाचा मजकूर होता, असं पोर्तुगीज वर्णनांत येतं. ते लढून ओलांडून गेले.

नंतर जवळजवळ दीडशे वर्षं डोंगर त्यांच्याकडे. त्यांनी तो वाढवला, बुरुजांना संतांची नावं दिली, मधल्या भागात प्रार्थनाघर बांधलं आणि उत्तरेला अगदी पाण्यालगत क्रुसाच्या नावाने तोफांचा मोर्चा घातला. त्यांचा धंदा साधा होता: समुद्रावरून जाणाऱ्याने त्यांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, जवळ बाळगायचा आणि त्यांच्या बंदरात जकात भरायची. नसेल तर माल आणि जहाज दोन्ही जप्त. डोंगरावरची तोफ ही त्या जकातीची पावती.

प्रार्थनाघराला छप्पर नाही. वेदीकडची कमान शाबूत आहे, भिंतींच्या गिलाव्यात शिंपल्यांच्या चुन्याचे पांढरे तुकडे दिसतात. नखाने खरवडलं तर नख झिजतं, चुना नाही. काही दरवाज्यांवर पोर्तुगीज राजचिन्हं आणि कोरीव लेख आहेत. काही दगड खाली उतरून गवतात पडलेत, त्यावर लोक बसून वडापाव खातात. आम्ही वर होतो तेव्हा एका ग्रुपने अशाच एका कोरीव दगडावर शीतपेयाची बाटली ठेवून फोटो काढला. काका काही बोलले नाहीत, फक्त जाऊन बाटली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

जवळच पाण्याचं टाकं. वरून बंद, उपसायला गोल तोंडं ठेवलेली. झरा नाही, पावसाचं साठवलेलं पाणी. एवढ्या अरुंद माथ्यावर वेढ्याच्या काळात माणसं याच्यावर जगणार, म्हणजे टाकं किल्ल्याचा जीव. बाजूलाच महादेवाचं छोटं देऊळ आणि तुळशीवृंदावन. ते मराठी अमलाची खूण. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलवर चाल केली तेव्हा कोर्लई हाती लागलं नव्हतं. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा कणा मोडला. इकडे सुभानराव माणकरांनी कोर्लईवर जोर लावला. 1740 च्या तहात चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. टाक्याशेजारच्या महादेवापासून छप्पर नसलेल्या प्रार्थनाघरापर्यंत चालत जायला जेमतेम मिनिट-दोन मिनिटं लागतात.

दुपारी दीडच्या सुमारास वरून पाहिलं तर सकाळचे वाळूचे पट्टे गायब. खाडी काठोकाठ भरलेली, जाळ्यांच्या खांबांची नुसती टोकं. साळावच्या कारखान्याकडे एक बार्ज सावकाश चालली होती, आणि ती बरोबर आमच्या बुरुजाखालून, त्याच वाटेने. काकांनी तटाच्या झरोक्यात हात घालून बोट धरलं आणि बार्ज दिसेनाशी होईपर्यंत बोट फिरवत राहिले. ओंकारने विचारलं, "काका, लागली का?" काका म्हणाले, "केव्हाच."

तटावर पिंपळ आणि उंबर माजलेत. मुळं दगडांच्या सांध्यात शिरून अख्खे चिरे ढकलताहेत. दक्षिणेकडच्या बाजूला तर एक भिंत मुळांनीच उभी धरलीय की काय असं वाटतं, आणि मूळ काढलं तर भिंत येईल, ठेवलं तरी येईल. काही तोफा जागेवर आहेत, गंजाचे पापुद्रे सुटलेल्या, तोंडात सुकं गवत. इतक्या लोकांच्या वाटेवर असलेला किल्ला आणि वर एक धड माहितीफलक नाही, नकाशा नाही. आलेला माणूस प्रार्थनाघर बघतो, सेल्फी घेतो, उत्तरेच्या उतारावर अर्ध्यातून परततो. कप्प्यांची गंमत त्याला कोण सांगणार?

रविवार

सकाळी पुन्हा कोर्लई, पण या वेळी गाव. माउंट कार्मेलच्या चर्चमधून लोक बाहेर पडत होते, बायका ठेवणीतल्या कपड्यांत. चौकात दोन म्हाताऱ्या बोलत उभ्या होत्या. जवळून गेलो तर कान टवकारले: आवाजाची लकेर ओळखीची, शब्द एकही नाही. ही इथली पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे दोन भाषांच्या मिसळीतून झालेली बोली. बोलणारे तिला 'नोऊ लिंग' म्हणतात, आणि ती बोलणारी माणसं आता हजाराच्या आतबाहेर असतील. चौलच्या कोटात पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बायका यांच्या संसारातून ही बोली घडली. 1740 नंतर गोरे साहेब निघून गेले. ज्यांना जायला ठिकाण नव्हतं ती गरीब ख्रिस्ती कुटुंबं खाडी ओलांडून या डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिली. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद शेवटी, आपल्यासारखं.

त्यांतल्या एकीने आमच्याकडे बघून सरळ मराठीत विचारलं, "चहा घेणार का?" ओसरीवर बसलो. नातवंडं मुंबईत असतात, फोनवर मराठी-हिंदीत बोलतात, सुट्टीत आली की आजीशी थोडं हे थोडं ते. "समजतं त्यांना सगळं," त्या म्हणाल्या, "उत्तर मराठीत देतात." ओंकार मान खाली घालून हसला, त्याच्या आईची मालवणी आणि त्याची उत्तरं यांचाही तोच प्रकार आहे. किल्ल्यावर कधी जाता का, असं मी विचारलं. "लहानपणी बकऱ्या घेऊन जायचो. आता गुडघे कुठे जाऊ देतात!"

चौलचं पुढे काय झालं? खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं मुंबईच्या खोल बंदराकडे वळली. इंग्रजांनी 17व्या शतकातच चौलचे रेशीम विणकर मुंबईत आणून वसवायला सुरुवात केली होती. 1818 मध्ये कोर्लई इंग्रजांकडे गेला तेव्हा राखण्यासारखं बंदरच उरलेलं नव्हतं. काकांचं यावर मत पक्कं आहे: चौल ना पोर्तुगीजांनी मारलं ना मराठ्यांनी, गाळाने मारलं. इतिहासवाले याला हसतील. पण सकाळची सुकती ज्याने पाहिली तो पटकन हसणार नाही.

जाणार असाल तर काही गोष्टी. माथ्यावर प्यायचं पाणी नाही आणि सावली जवळजवळ नाही, तेव्हा पाणी खालूनच न्या आणि अकराच्या आत वर पोहोचा. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात. शक्यतो पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा, म्हणजे सकाळी रिकामी आणि दुपारी भरलेली, दोन्ही खाड्या एकाच दिवसात दिसतात. उत्तर टोकापर्यंत उतरा, तिथे न जाता परतलात तर निम्मा किल्ला राहिला. एसटी आणि मिनीडोर रेवदंड्यापर्यंत भरपूर, पुढे कोर्लईसाठी मुरूडची गाडी किंवा रिक्षा. दीपगृहाच्या वेळा गावात विचारून घ्या. आणि मांडव्याहून परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. रविवारी संध्याकाळी सगळं अलिबाग मुंबईला निघालेलं असतं.